मूलतत्त्वांचे भारदस्त शब्द

सोमवार, ४ सप्टेंबर

इंग्रजीच्या शिकवणीतल्या मिस ग्रासिएलांनी रोज थोडी दैनंदिनी लिहायला सांगितली आहे, आणि तीही इंग्रजीत. मी आपल्याच भाषेत, स्पॅनिशमध्ये लिहिते आहे. इंग्रजीत लिहिली तर ज्या गोष्टींना माझ्याकडे शब्द आहेत तेवढ्याच माझ्या आयुष्यात घडतील. मी उठले. मी बसने गेले. हवा चांगली आहे.

शिकवणी लावण्याचं कारण नोंदवून ठेवते. विमानाच्या चाकांवरचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात मी मोजणी विभागात आहे. मालकांचा मुख्य कारखाना कॅनडात, क्वेबेकला. आमच्या केरेतारोच्या कारखान्यातून दरवर्षी एकाला तिथे दीड वर्ष पाठवतात आणि परत आल्यावर त्याला विभागप्रमुख करतात. परीक्षा एकच : आपल्या विषयाची मूलतत्त्वं इंग्रजीत समजावून सांगायची.

गेल्या वर्षी मी बसले होते. शेरा आला, "विषयाचं ज्ञान उत्तम. इंग्रजी प्राथमिक." निवड झाली टेक्सासात शिकून आलेल्या एका मुलाची. तो मायक्रोमीटर असा पिळतो की जणू नळ बंद करतोय.

"प्राथमिक" हा शब्द मला आवडला नाही. यंदा तो माझ्याबद्दल वापरता येणार नाही, अशी व्यवस्था करायची आहे. परीक्षा नोव्हेंबरात.

गुरुवार, ७ सप्टेंबर

वर्ग चपलांच्या दुकानावर भरतो. मिस ग्रासिएला पूर्वी नन्सच्या शाळेत होत्या आणि अजून हातात पट्टी घेऊन बोलतात. त्या शब्द एकेकटे शिकवत नाहीत, कुटुंबाने शिकवतात. या सत्रातलं कुटुंब मी मागून घेतलं : एखाद्या विषयाची मूलतत्त्वं सांगणारे वरच्या दर्जाचे शब्द. फंडामेंटल, रूडिमेंट, प्रिसेप्ट, टेनेट, ॲक्सियम, पोस्ट्युलेट.

मला आश्चर्याचा धक्का बसला. हे शब्द आमचेच आहेत. शेवटच्या स्वराचं शेपूट कापलं की इंग्रजी झाले. इंग्रज ज्यांना अवघड शब्द म्हणतात ते आमचे पाद्री आणि शाळामास्तर रोज वापरतात. म्हणजे वरची इंग्रजी मला जन्मतःच येत होती, फक्त खालची येत नव्हती. मिसना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "फार खूश होऊ नकोस, सित्लाली." का, ते सांगितलं नाही.

मग प्रत्येकाने आपापल्या धंद्याची मूलतत्त्वं सांगायची होती. माझ्या शेजारी फेर्मिन आर्विसू नावाचा वकील बसतो. नोटरीच्या कार्यालयात काम करतो. बसण्याआधी "परवानगी आहे?" विचारतो, खिडकी उघडण्याआधी विचारतो, शिंकण्याआधी विचारायला वेळ मिळत नाही म्हणून नंतर माफी मागतो. तो म्हणाला, "आमची मूलतत्त्वं तीन. सही करणारा तोच आहे ना, हे बघायचं. दस्त त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. मग त्याने 'समजलं' म्हणायचं."

"आणि नसेल समजलं तर?" मिसनी विचारलं.

"तर तो जरा जास्त मोठ्याने म्हणतो."

सगळे हसले. तत्त्व म्हणून हे सदोष आहे, एवढं मी नोंदवते.

मंगळवार, २६ सप्टेंबर

शब्द पाठ होत आहेत. आज कारखान्यात माझ्या वरिष्ठांनी, झुनिगासाहेबांनी विचारलं, "ओल्वेरा, तयारी कुठवर?" मी टेनेट आणि ॲक्सियम यांतला फरक सांगितला. ते म्हणाले, "छान, छान," आणि जेवायला निघून गेले. तेव्हा जेवणाची वेळ झालेली नव्हती.

फेर्मिन वर्गानंतर माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत येतो. त्याचं घर नदीच्या पलीकडे आहे, म्हणजे उलट दिशेला. विचारलं तर म्हणाला, थांब्यावर वारा चांगला येतो. मला तिथे डिझेलचा वास सोडून काही जाणवलेलं नाही.

त्याला इंग्रजी कशाला हवी आहे, तेही कळत नाही. म्हणतो, कार्यालयात परदेशी लोक येतात. कार्यालय धान्यबाजाराच्या मागे आहे. हजेरी पूर्ण, प्रगती शून्य. इतका नियमित आणि इतका निष्फळ विद्यार्थी मी पाहिला नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

आज भाषणाची पहिली चाचणी. घरी कोणाला इंग्रजी येत नाही, म्हणून शब्दांना शेपट्या परत जोडून आपल्या भाषेत केलं. मजकूर तंतोतंत तोच. श्रोते : आई, नाचोमामा आणि फेर्मिन.

फेर्मिनचं असं झालं की आईला घराच्या कागदाची नक्कल हवी होती. त्याने ती काढली आणि स्वतः घेऊन आला. ती टपालाने आली असती. आईने जेवायला थांबवलं. तो नको म्हणाला, मग परत नको म्हणाला, मग बसला.

जेवण झाल्यावर मी उभी राहिले. "मोजमापनशास्त्राच्या आद्य प्रमेयांचं विवेचन करताना प्रथमतः औष्णिक समतोलाचं गृहीतक विचारात घेणं क्रमप्राप्त ठरतं," अशी सुरुवात होती. शेवटापर्यंत एकदाही अडखळले नाही.

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती छान बोललीस पोरी. सगळं समजलं."

नाचोमामा म्हणाला, "आमच्या बिशपला असं बोलता येत नाही. समजलं की, न समजायला काय झालं?"

फेर्मिन रिकाम्या ताटात काटा फिरवत होता. तो म्हणाला, "एनचिलादा फारच सुंदर झाल्या होत्या."

चाचणी यशस्वी. श्रोत्यांपैकी दोघांना सर्व समजलं. तिसऱ्याचं लक्ष जेवणाकडे होतं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

वर्गानंतर फेर्मिन नेहमीपेक्षा हळू चालत होता. पहिल्या गल्लीत त्याने हवेबद्दल सांगितलं. दुसऱ्या गल्लीत माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली. औषधाच्या दुकानापाशी थांबला आणि म्हणाला, "इंजिनिअरबाई, परवानगी असेल तर एक बोलू?"

"बोला."

"तुम्ही रागवाल."

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"रविवारचं तुमचं भाषण. मला काहीही समजलं नाही."

मी म्हटलं, "तुमचं लक्ष नव्हतं."

"पूर्ण लक्ष होतं. वहीत लिहून घ्यावं असं वाटण्याइतकं. पण काही समजलं नाही. आणि माफ करा, कोणालाच समजलं नाही."

"आई म्हणाली समजलं. मामा म्हणाला समजलं."

"बाई, माझ्यासमोर रोज माणसं बसतात. मी त्यांना त्यांच्याच घराचा दस्त वाचून दाखवतो आणि ती 'समजलं' म्हणून सही करतात. न समजलेला चेहरा ओळखणं हाच माझा धंदा आहे. आपल्याकडे कोणी कोणाला 'नाही समजलं' म्हणत नाही. वाईट दिसतं."

"मग तुम्ही कसे म्हणालात?"

थांबा समोरच होता. माझी बस आली. मी निरोप न घेता चढले.

बुधवार, ११ ऑक्टोबर

ज्याला "आज पाऊस पडेल का" हे इंग्रजीत विचारता येत नाही, त्याने माझ्या भाषणावर मत द्यावं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

वर्गाला गेले नाही. डोकं दुखत होतं, असं मिसना कळवलं. डोकं दुखत नव्हतं.

रविवार, १५ ऑक्टोबर

रागावून काही सिद्ध होत नाही. उपकरणाबद्दल शंका असेल तर त्याला एक ठाऊक असलेली चूक मोजायला द्यायची. त्याने चूक दाखवली तर उपकरण बरं. नाही दाखवली तर आजवरची सगळी मापं संशयास्पद.

जेवणानंतर पुन्हा तेच भाषण केलं. मध्ये एक वाक्य बदललं : "प्रस्थापित सिद्धान्तानुसार, उष्णतेच्या प्रभावाखाली पोलादाचं आकुंचन होतं." म्हणजे तापलं की पोलाद आखडतं. याहून मोठी चूक माझ्या विषयात करता येत नाही.

आईने मान डोलावली. नाचोमामानेही डोलावली. नाचोमामाचा जन्म लोखंडी दारं आणि कठडे ठोकण्यात गेला आहे.

"छान," तो म्हणाला. "मागच्या वेळेपेक्षाही छान."

मी विचारलं, "मामा, पोलाद तापलं की काय होतं?"

"फुगतं. उन्हाळ्यात दार चौकटीत अडकतं, ते उगाच?"

"मी आत्ता काय म्हणाले?"

त्याने आईकडे बघितलं. आईने पाण्याच्या भांड्याकडे बघितलं.

"आखडतं म्हणालीस," मामा म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, तू इतकी छान बोलत होतीस. माणसाने मध्ये तोंड घालायचं? आणि मला वाटलं, विमानाचं पोलाद वेगळं असेल."

"आई, तुला काय समजलं होतं?"

"मला समजलं की तू खूप शिकली आहेस," आई म्हणाली. "तेवढं पुरेसं होतं मला."

मी भांडी घासली. गेल्या वर्षीच्या परीक्षेत मी बोलत असताना समोरचे दोघेही सतत मान डोलावत होते, हे मला तेव्हा आठवलं. ती माझ्या बाजूची खूण आहे असं मी धरलं होतं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

वर्गाआधी फेर्मिन जिन्यात भेटला. मी त्याला सांगितलं की त्याचं निरीक्षण बरोबर निघालं आणि मी ते स्वतंत्रपणे तपासलं आहे.

तो म्हणाला, "मला फार वाईट वाटतं."

"बरोबर असल्याचं?"

"तुम्ही गुरुवारी आला नाहीत त्याचं."

मी म्हटलं की एका वर्गाचं नुकसान भरून काढता येईल. तो म्हणाला, "हो, अर्थातच."

मिसना सर्व हकिगत सांगितली. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "तुला मी म्हणाले होते, फार खूश होऊ नकोस. हे बघ, इंग्रजीची दोन कपाटं असतात. एकात चर्चला जायचे कपडे. ते सगळे तुझ्या ओळखीचे, कारण ते तुझ्याच आजोबांकडून नेलेले आहेत. दुसऱ्यात घरचे कपडे. तू स्वयंपाकघरात झगा घालून उभी राहतेस आणि लोक घाबरून पाया पडतात."

मग त्यांनी दुसरं कपाट उघडलं. हे भयंकर आहे. नट आणि बोल्ट म्हणजे कुठल्याही विषयाची मूलतत्त्वं, स्वयंपाकाचीसुद्धा. दोरखंड शिकणं म्हणजे नव्या कामाची प्राथमिक माहिती घेणं. मी यंत्रशाळेत शिकलेली बाई आहे. बोल्टला मी बोल्ट समजते आणि त्याचे आटे मोजते. चर्चच्या कपाटातला प्रत्येक शब्द पाहताक्षणी कळतो. या कपाटातला एकही शब्द स्वतःचा अर्थ सांगत नाही.

थोडक्यात, वरची इंग्रजी मला फुकट मिळाली होती. खरी शिकायची आहे ती खालची.

शनिवार, २८ ऑक्टोबर

आता सराव फेर्मिनबरोबर. ठिकाण बागेजवळची बेकरी, कारण तिथे मोठी टेबलं आहेत. पद्धत अशी : मी इंग्रजीत एक तत्त्व सांगते, तो ते आपल्या शब्दांत परत सांगतो, कोणत्याही भाषेत. "समजलं" म्हणायला बंदी. पहिले दोन दिवस त्याला हे शारीरिकदृष्ट्या जड गेलं. न समजलेलं कबूल करताना तो खुर्चीतून अर्धा उठायचा.

त्याची इंग्रजी कच्ची असणं इथे फायद्याचं आहे. त्याला जे कळतं ते कोणालाही कळेल.

आज गेज ब्लॉक घेऊन गेले. पोलादाचा साखरेच्या खड्याएवढा तुकडा, लांबी अत्यंत अचूक. त्याच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटायला सांगितली. घरच्या कपाटातल्या इंग्रजीत म्हटलं, "तुमचा हात गरम आहे. तुकडा आता वाढतो आहे. मी आत्ता मोजलं तर मी तुकडा मोजणार नाही, तुमचा हात मोजीन."

त्याने बराच वेळ मूठ तशीच ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे ज्याला मोजायचं, त्याला आधी थंड होऊ द्यायचं."

"बरोबर. त्याला आणि उपकरणाला. दोघांना एका खोलीत, एका तापमानाला, शांतपणे ठेवायचं."

"किती वेळ?"

"जितका लागेल तितका."

"माझी हरकत नाही," तो म्हणाला.

त्याने तुकडा परत दिला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा बराच गरम होता. बेकरीवालीने जवळ आलेल्या मृतांच्या सणाचा गोड पाव आणून ठेवला. आम्ही मागवला नव्हता. ती म्हणाली, "घ्या, तुमच्या दोघांसाठी." तिचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

परीक्षा झाली. जसं घडलं तसं लिहिते.

पडद्यावर दोघे. क्वेबेकहून गुणवत्ताप्रमुख मादाम थिबोदो, करडे केस, हातात पेन्सिल. दुसरे ऑन्टारियोचे हॅलोरनसाहेब, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. आमच्या बाजूला मी आणि कोपऱ्यात झुनिगासाहेब.

मी घरच्या कपाटातून सुरुवात केली. "मोजण्याच्या कामाचे नट-बोल्ट तुम्हाला दाखवते." हॅलोरनसाहेब हसले आणि खुर्चीत सैल बसले. दोरखंड झाले, पाया झाला, गरम हात झाला. सगळं बेकरीत तपासलेलं होतं. त्यांच्याकडून चिंता नव्हती.

मादाम थिबोदो मान डोलावत होत्या. सावकाश, एकसारखी, किंचित हसून. ही मान मी कुठेतरी पाहिली आहे, असं वाटलं. मग लक्षात आलं की ती नाचोमामाची आहे. केरेतारोबाहेरही ती मिळते, याची मला कल्पना नव्हती.

मी बोलणं थांबवलं. इंग्रजीत म्हटलं, "मादाम, क्षमा करा. मी आत्ता जे सांगितलं, ते कृपा करून तुमच्या शब्दांत सांगाल?"

झुनिगासाहेबांनी कोपऱ्यात टायची गाठ धरली. उमेदवाराने परीक्षकाला प्रश्न विचारायचा नसतो, हे मलाही माहीत आहे.

मादामनी पेन्सिल खाली ठेवली. हॅलोरनसाहेब त्यांच्याकडे बघायला लागले.  मग त्या म्हणाल्या, "मी मघापासून शोधते आहे. तुम्ही कुठल्या बोल्टबद्दल बोलता आहात? माझ्या आराखड्यात बोल्टच नाहीत."

"बोल्ट नाहीत, मादाम. रूडिमेंट्स. प्रिन्सिपल्स. फंडामेंटल प्रिसेप्ट्स."

"आ," त्या म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं." आणि पहिल्यांदा खऱ्या हसल्या. त्यांची भाषा फ्रेंच. चर्चचं कपाट त्यांच्याही आजोबांचं.

हॅलोरनसाहेब मादामना म्हणाले, "मोनिक, इतकी वर्षं मी नट-बोल्ट म्हणतो आहे. तू कधी बोलली नाहीस."

"तू इतक्या उत्साहाने बोलतोस," त्या म्हणाल्या. "वाईट दिसलं असतं."

पुढचं सगळं मी दोनदा सांगितलं. एकदा झगा घालून मादामसाठी, एकदा घरच्या कपड्यांत हॅलोरनसाहेबांसाठी. प्रत्येक तत्त्वानंतर दोघांकडून परत वदवून घेतलं. एकदा हॅलोरनसाहेब चुकले आणि मादामनी त्यांना सुधारलं. वेळ संपल्याचं कोणी सांगितलं नाही, म्हणून मीही थांबले नाही.

बाहेर आल्यावर झुनिगासाहेब म्हणाले, "ओल्वेरा, तू काल जे जेवलीस ते मला पाठव. मला इतकं धाडस आयुष्यात झालं नाही."

गुरुवार, १६ नोव्हेंबर

निकाल लागला. शेरा : "विषयाचं ज्ञान उत्तम. परीक्षकांच्या ज्ञानाचीही चौकशी केली. निवड." जानेवारीत जायचं. होकार सोमवारपर्यंत कळवायचा आहे.

आईने आधी गरम कपड्यांची चौकशी केली आणि मग रडली. नाचोमामा म्हणाला, "छान." मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाला, "म्हणजे, क्वेबेक कुठे आहे ते मला माहीत नाही. पण छान." ही सुधारणा आहे.

मिसनी पट्टी माझ्या खांद्यावर दोनदा टेकवली, सरदारकी देतात तशी.

फेर्मिनला वर्गात सांगितलं. तो उभा राहिला, माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, "मनापासून अभिनंदन, इंजिनिअरबाई." मग उरलेला तास त्याने वहीचं एकच पान पाहिलं.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

मीच त्याला बोलावलं. निर्णय घेण्याआधी सर्व संबंधितांचं मत घ्यावं, हा साधा नियम आहे. तो संबंधित कसा, याचा विचार मी वाटेत केला आणि मग सोडून दिला.

बाजारातल्या कमानीखाली बसलो. प्यायला गरम चॉकलेट मागवलं. मी विचारलं, "मी जावं का?"

"अर्थातच. फार मोठी संधी आहे. अशी रोज येत नाही."

दस्ताची शेवटची ओळ वाचावी तशा आवाजात तो हे म्हणाला. मी म्हटलं, "मी आत्ता काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

त्याने पेल्याचा कान उजवीकडून डावीकडे फिरवला. "तुम्ही विचारलंत, तुम्ही गेलात तर मला कसं वाटेल."

"मी तसं विचारलं नव्हतं."

"मला तसंच समजलं."

शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस चालला होता. त्यांचं गाणं संपेपर्यंत मी थांबले. "बरं. मग त्याचं उत्तर द्या."

"वाईट," तो म्हणाला. अर्धाही उठला नाही. "फार वाईट वाटेल. तू गेलेली मला अजिबात आवडणार नाही. पण जा."

"मग त्या दिवशी औषधाच्या दुकानापाशी गप्प का बसला नाहीत? मी नापास झाले असते. इथेच राहिले असते."

"तोही विचार केला होता. पहिल्या दोन गल्ल्या तोच करत होतो."

"आणि?"

"आणि तू इथे राहिली असतीस, आणि मला रोज मान डोलवावी लागली असती."

  माझे हात गरम होते. चॉकलेटचा पेला केव्हाच थंड झाला होता, त्यामुळे कारण ते नसावं.

सोमवारी होकार कळवणार आहे. तसं त्याला सांगितलं. तो "छान" म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले आणि आणखी दोन चॉकलेटं मागवली.